हजेरीची दुसरी प्रत

कार्यालयाच्या चॅटमध्ये कर्मचाऱ्याने ‘काम सुरू केलं’ एवढं लिहिलं की वेळ मोजणाऱ्या वेगळ्या प्रणालीत त्याचे तास आपोआप धावू लागतात. ‘जेवायला चाललो’ लिहिलं की थांबतात, आणि संध्याकाळी दिवसभराचा हिशेब त्याच गटात येऊन पडतो. वेळ मोजणारं टॉगल 2006 मध्ये आलं, चॅटसाठीचं स्लॅक 2013 मध्ये. अशा दोन परक्या प्रणालींना एकमेकींचा निरोप पोहोचवण्याचं काम 2011 मध्ये सुरू झालेल्या झॅपियरसारख्या सेवा करतात. ही जोडणी अगदी आजची वाटते. पण कामाविषयीचं बोलणं आणि कामाच्या वेळेची नोंद एका जागी आणण्याचा प्रश्न पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात फार जुना आहे. तिथला इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. भांडण नोंद अचूक आहे की नाही यावर क्वचितच झालं. नोंदीची दुसरी प्रत कामगाराच्या हाती आहे का, हा खरा प्रश्न होता. आजच्या जोडणीचं मोलही याच कसोटीवर ठरतं.

सुरुवात अशा काळापासून करावी लागते, जेव्हा नोंदच नव्हती. डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलणारा वारली आदिवासी लग्नगडी होत असे, आणि पुढची कित्येक वर्षं तो, बरेचदा त्याची बायकोही, जमीनदाराच्या घरी राबत असे. माणसाचा सगळाच वेळ मालकाचा असल्यावर तास कोण मोजणार? वेठीचंही तसंच. म्हणून 23 मे 1945 रोजी झरी गावातल्या वारल्यांच्या परिषदेने रोजाला रोख 12 आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा ती मागणी फक्त पैशांची नव्हती. ‘रोज’ नावाचं मोजता येणारं एकक तिने मागितलं होतं. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या संपात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने 500 पौंड गवताला अडीच रुपये हा दर पुढे केला. माप आणि दर दोन्ही आकड्यांत बांधल्यामुळे ते सभेत पाठ सांगता येत होते, आणि निरक्षर मजुराजवळही कराराची एक प्रत राहिली, ती स्मरणात. ही प्रत स्वस्तात मिळाली नाही. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले.

मोजायचं ठरलं तरी कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न उरतोच. पालघर आणि बोईसरवरून मुंबईला जाणारा लोहमार्ग 1864 पर्यंत पुरा झाला होता. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी तिच्या 39 मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ शहरात 1955 पर्यंत टिकून राहिली. कायद्याने मात्र त्याआधीच तासांना कडा आणल्या. 1948 च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट दर ठरवला, कामाच्या पाळ्यांचा फलक कारखान्यात लावायला सांगितला आणि कामगारांची नोंदवही ठेवायला लावली. यातला फलक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंदवही टाइम ऑफिसात राहते, फलक कामगार येता-जाता वाचू शकतो.

बोलणं आणि वेळ एकत्र नोंदण्याची शिस्त या पट्ट्यात सर्वांत काटेकोर रूपात आली ती अणुवीजकेंद्रासोबत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 च्या ऑक्टोबरपासून व्यापारी वीज देऊ लागल्या. असं वीजकेंद्र रात्रंदिवस पाळ्यांत चालतं, आणि नियंत्रणकक्षातली पाळी बदलते तेव्हा माणसाबरोबर माहितीचीही बदली व्हावी लागते. त्यासाठी नोंदवही असते. तीत एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला घडलेलं लिहायचं: कोणता पंप बंद केला, कोणाला फोन केला, कोणती सूचना आली. निरोप आणि घड्याळ इथे एकाच ओळीत असतात. ही वही दोन्ही पाळ्यांची असते. जाणारा लिहितो, येणारा वाचून सही करतो. अशा वह्यांची जगभरची रीत अशी की चूक झाली तर पान फाडायचं नाही, खाडाखोड करून शब्द पुसायचा नाही. एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि आद्याक्षरं लिहायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. चॅट आणि वेळनोंद जोडणाऱ्या आजच्या प्रणालींना ज्या नमुन्यावर घासून पाहावं, तो नमुना याच पट्ट्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे.

त्याच्या शेजारीच उलट टोकाची व्यवस्था वाढली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं आणि पुढे बोईसरलगत तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर ठेकेदारीही. ठेक्याच्या कामात मुकादमच जोडणी असतो. माणसं तोच बोलावतो, कुठल्या गेटवर जायचं ते सांगतो, आला-न आला तो लिहितो, खाडाही तोच मांडतो. निरोप आणि हजेरी एकाच माणसात एकवटतात. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याला यातला धोका माहीत होता. त्याच्या 21 व्या कलमाने मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर ठेवायला सांगितलं, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली किंवा कमी दिली तर ती मुख्य मालकावर टाकली. म्हणजे कायद्याने वहीला साक्षीदार आणला, पण तोही मालकाचाच. मुकादमाचं बोलावणं आता व्हॉट्सॲपवर येतं, हा मात्र साधा बदल नाही. ‘उद्या सकाळी सातला या’ हे वाक्य पहिल्यांदाच तारीख-वेळेसह मजुराच्या स्वतःच्या खिशात राहू लागलं.

इथे एक रास्त आक्षेप आहे. नोंद यंत्राकडे गेली की कामगार बळकट होतो हे खरं नाही, उलट त्याच्यावरची नजर वाढते. 1888 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने हजेरीचं घड्याळ शोधलं, त्यापासून अंगठ्याच्या यंत्रापर्यंतची प्रत्येक पायरी मालकाने आपल्या सोयीसाठी आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप पालघरच्याच डोंगराळ जव्हार-मोखाड्याकडून येतो. रोजगार हमीच्या (मनरेगाच्या) कामांवर 1 जानेवारी 2023 पासून दिवसातून दोनदा ठिकाण आणि वेळ छापलेलं छायाचित्र मोबाइलवरून पाठवणं सक्तीचं झालं. डोंगरात नेटवर्क नसेल तर राबलेला दिवस कागदावर उगवतच नाही, आणि गैरप्रकारही थांबले नाहीत. फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, हे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने 2025 च्या जुलैमध्ये स्वतःच राज्यांना लिहिलं.

हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत, पण ते माझ्या मुद्द्याच्या बाजूने जातात. मनरेगात मोबाइल मेटच्या, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्याच्या, हातात होता, पाठवलेल्या हजेरीची पोच मजुराला मिळत नव्हती. त्याच योजनेत जुनं जॉबकार्ड मात्र मजुराच्या घरी राहायचं होतं, आणि कामाचे दिवस व मजुरी त्यावर चढवणं बंधनकारक होतं. कार्ड मजुराकडे असेल तर त्याला बोट ठेवून विचारता येतं, दुसऱ्याच कोणी ठेवून घेतलं तर त्यातल्या नोंदी असून नसल्यासारख्या. नजरेचा आक्षेपही दिशेचाच आहे. तास एकाच बाजूला वाहत गेले तर ती पाळत, दोन्हीकडे गेले तर तो हिशेब. आणि ही अवजारं संगणकापुढे बसणाऱ्यांची, तारापूरच्या रसायन कारखान्यात त्यांचं काय, असं म्हणणाऱ्यांनी इतकंच पाहावं की तांत्रिकदृष्ट्या इथे फार थोडं लागतं. गेटवरच्या यंत्राने अंगठा घेतला की त्याच क्षणी कामगाराच्या मोबाइलवर मराठीत, हिंदीत एक ओळ जावी: आत किती वाजता, बाहेर किती वाजता, जादा तास किती. कोणी ते तास नंतर बदलले तर जुना आकडा रेघ मारून तसाच दिसावा, आणि बदलणाऱ्याचं नाव शेजारी यावं. महिनाअखेरीला दुप्पट दराचा हिशेब त्याच ओळींवरून व्हावा, आणि ठेकेदार बदलला तरी त्या ओळी कामगाराच्या फोनमधून पुसल्या जाऊ नयेत.