आयसिन कारखान्यातील आग (१९९७)

जपानच्या आयची प्रांतातील कारिया येथे आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्यास १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे लागलेली आग. एका लहानशा सुट्या भागाचा पुरवठा खंडित झाल्याने टोयोटा कंपनीचे जपानमधील जवळजवळ सर्व मोटार-उत्पादन तीमुळे काही दिवस बंद पडले.

हा भाग म्हणजे गतिरोधक यंत्रणेतील दाब-विभाजक झडप होय. मागील चाकांकडे जाणाऱ्या द्रवाचा दाब मर्यादित ठेवून ती चाके अडकून गाडी घसरण्यास ही झडप प्रतिबंध करते. ती आकाराने मुठीत मावणारी असली, तरी तिच्यातील छिद्रे अत्यंत अचूक पाडावी लागत. टोयोटास लागणाऱ्या जवळजवळ सर्व झडपा या एकाच कारखान्यातून येत. तेथे दररोज सु. ३२,५०० झडपा तयार होत व त्यांचे सु. शंभर प्रकार होते. उत्पादन एकवटल्याने खर्च कमी होई व दर्जा एकसारखा राही. शिवाय तैइची ओनो (१९१२–९०) यांनी टोयोटात विकसित केलेल्या ‘जस्ट इन टाइम’ पद्धतीनुसार सुटे भाग गरजेपुरते व गरजेच्या वेळीच मागविले जात. त्यामुळे गोदामात भांडवल अडकून पडत नसे. परंतु आग लागली तेव्हा शिल्लक झडपा फार तर दोन-तीन दिवस पुरतील एवढ्याच होत्या. ४ फेब्रुवारी रोजी टोयोटाचे बहुसंख्य जुळणी-मार्ग थांबले.

झडपांसाठी खास बनविलेली यंत्रे जळाल्याने ती पुन्हा उभारण्यास बराच काळ लागला असता. म्हणून आयसिनने झडपांचे आराखडे इतर कारखान्यांना खुले केले. सु. २०० कारखाने या कामात सहभागी झाले. त्यांपैकी ६२ कारखान्यांनी सर्वसाधारण यंत्रांवर प्रत्यक्ष झडपांचे उत्पादन हाती घेतले. त्यांत शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रदर ही कंपनीही होती. किंमत व मोबदला यांची घासाघीस आधी कोणी केली नाही. आग लागल्यापासून सु. चार दिवसांत पहिल्या झडपा मिळू लागल्या आणि सु. १० फेब्रुवारीपर्यंत मोटार-उत्पादन पूर्ववत झाले. या काळात सु. ७०,००० वाहनांचे उत्पादन होऊ शकले नाही. त्यातील बरीचशी तूट नंतर जादा काम करून भरून काढण्यात आली. साहाय्यक कारखान्यांचा प्रत्यक्ष खर्च आयसिनने दिला. टोयोटानेही आपल्या प्रमुख पुरवठेदारांना जानेवारी–मार्चमधील त्यांच्या विक्रीच्या १ टक्का इतकी रक्कम दिली.

ज्या निकट संबंधांमुळे संकट एवढे पसरले, त्यांच्याच बळावर ते लवकर निवारले गेले, ही या घटनेची विशेषता होय. तथापि मूळ दुर्बलता नाहीशी झाली नाही. १६ जुलै २००७ च्या भूकंपात काशिवाझाकी येथील रिकेन कंपनीच्या दट्ट्या-कड्यांच्या कारखान्याची हानी होऊन टोयोटासह अनेक जपानी कंपन्यांचे उत्पादन खोळंबले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा टोयोटाने आपल्या पुरवठेदारांच्याही पुरवठेदारांची माहिती संकलित केली व चिपांचा काही महिन्यांचा साठा ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे २०२१ मधील जागतिक चिप-टंचाईत ती प्रारंभी तग धरू शकली. परंतु त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिलाही आपले नियोजित जागतिक उत्पादन सु. ४० टक्क्यांनी घटवावे लागले. झडप तातडीने अन्य कारखान्यांत घडविता आली. चिपनिर्मितीस लागणारी यंत्रसामग्री व कालावधी पाहता तसा तोडगा तेथे शक्य नव्हता.