नटाचा मृत्यू आणि आपला शोक : खान्देशच्या आठवणीतली स्मिता पाटील



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी आम्हाला हळूच विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला नटनट्यांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी तो विषय डोक्यात कुठून आला ते सांगतो.

२०२५च्या मे महिन्यात माधव वझे गेले. १९५३च्या ‘श्यामची आई’मधला श्याम. पुढे त्यांनी नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली; पण अमळनेरच्या आमच्या मित्राचा फोन आला तो एवढाच, ‘श्याम गेला.’ अमळनेरच्या माणसाने असं म्हणावं यात नवल नाही. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्या गावाला श्याम म्हणजे आजोबांना शिकवून गेलेला मास्तर. मग ऑगस्टच्या शेवटी प्रिया मराठे गेली, अवघ्या ३८व्या वर्षी, कर्करोगाने. मालिकांमधून ती रोज संध्याकाळी घरात यायची. नोव्हेंबरात धर्मेंद्र गेले.

दर वेळी चित्र तेच. मोबाइलवर फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली जोडलेल्या हातांची रांग. घरातली तरुण मुलं म्हणतात, ओळख ना पाळख, एवढं काय त्यात? तर आजचा प्रश्न हाच आहे. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी येणारं रडू खरं असतं का? आणि खरं असेल, तर ते कोणासाठी असतं?

इतिहासात थोडं मागे जाऊ. बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला, म्हणून इथल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. १२ मार्च १९११ला किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. ते रंगभूमीवर उभे राहिले, भामिनी झाले, प्रयोग झाला. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी कर्तव्यनिष्ठा म्हणून सांगतात. आम्हाला तिच्यात वेगळं काही दिसतं. नटाने आपला शोक आत ठेवला, म्हणून प्रेक्षकाला त्या रात्री शृंगार अनुभवता आला.

भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक सांगितला आहे. मग रंगभूमीवरचा शोक पाहायला आपण पैसे देऊन का जातो? अभिनवगुप्तांचं उत्तर आहे साधारणीकरण. रंगभूमीवरचं दुःख त्या नटाचं उरत नाही, समोर बसलेल्या प्रेक्षकाचंही उरत नाही. ते कोणा एकाचं नसतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. इथपर्यंत ठीक. पण खुद्द नटच मेला तर? शास्त्रात आम्हाला याचं सरळ उत्तर सापडलं नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्या वेळी गाडी उलट्या दिशेने चालू लागते. जे दुःख सगळ्यांचं झालं होतं ते पुन्हा एकेकाच्या घरी परत येतं, आणि प्रत्येक घरात त्याला वेगळं नाव असतं.

हे आम्ही ग्रंथातून शिकलो नाही. १९८६ साली शिकलो, आणि तेही उशिरा.

स्मिता पाटील १७ ऑक्टोबर १९५५ला पुण्यात जन्मली, पण घराणं आपल्या धुळे जिल्ह्यातलं, शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात. मुंबई-पुण्याच्या लोकांनी स्मिताला आधी दूरदर्शनवर मराठी बातम्या देताना पाहिलं. मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झालं. आपल्याकडे तेव्हा कुठला टीव्ही? आपल्याला ती माहीत होती ‘शिवाजीरावांची पोर’ म्हणून.

आणि एक खरं सांगू का, तिचे मोठे सिनेमे खान्देशातल्या किती लोकांनी तेव्हा पाहिले? ‘भूमिका’साठी आणि पुढे ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्बार पटेलांचे ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ मराठीत आले. १९८५ला पद्मश्री मिळाली. पण टॉकीजमध्ये गर्दी व्हायची ती ‘नमक हलाल’ला, अमिताभबरोबरच्या पावसातल्या गाण्याला. ‘मंथन’मधली दूधवाली बिंदू किंवा ‘जैत रे जैत’मधली ठाकर बाई चिंधी, अशा खेड्यातल्या बायका तिने उभ्या केल्या, तशाच बायका आपल्या शेतांत निंदणी करत होत्या, आणि त्यांनी तिला पडद्यावर पाहिलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर १९८६ला तिला मुलगा झाला. १३ डिसेंबरला ती गेली, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने. वय ३१.

बातमी आली आणि शिरपूरपासून जळगावपर्यंत ‘आमनी पोर गयी’ हे शब्द आम्ही किती तोंडून ऐकले त्याची मोजदाद नाही. आम्ही तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. शोकसभा झाली, आम्ही भाषण केलं. समांतर सिनेमा, वास्तववाद, श्याम बेनेगल, सगळं आलं त्यात. टाळ्या पडता पडता राहिल्या, कारण शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. स्वतःवर खूश होऊन घरी आलो, तर आई ओट्यावर वर्तमानपत्र मांडीवर घेऊन रडत होती.

आमच्या आईने आयुष्यात चार-पाच सिनेमे पाहिले असतील, तेही देवादिकांचे. स्मिताचा एकही नाही. आम्ही विचारलं, ‘आई, तू ओळखतेस हिला?’ तिने मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, ‘पंधरा दिवसांचं लेकरू आहे रे.’

तरी आम्हाला उमगलं नाही. रात्री झोपताना उमगलं. आमची थोरली बहीण १९६२ साली पहिल्या बाळंतपणात गेली. सासरी, खेड्यात, दवाखान्याला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत. मूलही राहिलं नाही. मेहुण्यांचं वर्षभरात दुसरं लग्न झालं. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघालेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

आता आखाजी आठवा. अक्षय्य तृतीयेला आपल्या खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरात पितरांची घागर भरतात. जिवंत लेकी आणि गेलेली माणसं, दोघांची वाट पाहायचा दिवस एकच. पण लग्न झालेली लेक मेली, तर तिची घागर सासरची. माहेरी तिच्या नावाने पाणी नाही. म्हणजे आमच्या आईला २४ वर्षं रडायला जागाच नव्हती. शेजारणींच्या लेकी झोक्यावर बसायच्या आणि ती पुरणाला लागायची. ती जागा तिला एका नटीच्या फोटोने दिली. त्या फोटोसमोर रडलं तर कोणी ‘आता कशाला ते जुनं’ असं म्हणणार नव्हतं.

पुढे आम्ही ओळखीच्या घरांत विचारत गेलो. अभ्यास म्हणून नव्हे, उत्सुकता म्हणा. बऱ्याच म्हाताऱ्या बायकांनी त्या डिसेंबरातलं रडू सांगितलं, आणि दोन वाक्यांनंतर एखादी जाऊ, एखादी बहीण, एखादी मैत्रीण निघालीच. पुरुषांनी सांगितलं ते अभिमानाचं: आपल्या मातीची पोर दिल्लीपर्यंत पोचली. दोन्ही खरं आहे. पण सभा झाल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या. बाळंतपणात बाई मरते हे आमच्यासकट एकाही वक्त्याच्या तोंडून निघालं नाही. एवढ्या मोठ्या शहरात, डॉक्टरांच्या हाताखाली असलेली ३१ वर्षांची बाई वाचली नाही. तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर काय होत असेल, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता. लोकांची मनं तेव्हा उघडी होती. आम्ही समांतर सिनेमावर बोलत बसलो. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०१८–२०च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू आहेत, देशात ९७. सुधारणा मोठी आहे. पण ३३ हा आकडा ज्या ३३ घरांत जातो, तिथे तो आकडा राहत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ते रडू खरं असतं. ते नटासाठीही असतं, कारण त्याने आपल्याला काही दिलेलं असतं आणि ते फेडायचं राहिलेलं असतं. पण त्याच्या आडून दुसरं कोणीतरी आलेलं असतं, ज्याच्यासाठी आपल्याला रडू दिलेलं नसतं. म्हणून त्या जोडलेल्या हातांच्या रांगेला हसू नका. प्रिया मराठेच्या फोटोखाली हात जोडणाऱ्या एखाद्या बाईच्या घरात कर्करोगाने कोण गेलंय, हे आपल्याला माहीत नसतं.

आणि त्या नटाचं जे देणं राहिलं, ते फेडायचा एक सोपा मार्ग आहे. त्यांचं काम पाहा. १९८६ला आम्ही ‘आमनी पोर’ म्हणालो आणि पोरीचं काम न पाहताच म्हणालो. शिवाजीराव लेकीच्या मागे ३० वर्षं जगले, २०१७ला गेले. त्यांना भेटून ‘तुमची पोर आमचीच’ म्हणणारे पुष्कळ असतील. ‘उंबरठा’तल्या सुलभाबद्दल बोलणारे किती असतील, कोण जाणे. १९८६ला ते सिनेमे मिळत नव्हते ही सबब होती. आज खिशातल्या मोबाइलवर मिळतात.

आमच्या आईला आम्ही ‘उंबरठा’ दाखवला, व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून. १९८८ची गोष्ट असेल. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाली, ‘आपली असती तर एवढीच असती.’ वयाचा हिशोब काही जमत नव्हता, बहीण स्मितापेक्षा मोठी असती. आम्ही काही बोललो नाही. त्या वर्षीच्या आखाजीला घरात एक घागर जास्त भरली गेली. भटजींनी विचारलं, ही कोणाची? आईने नाव सांगितलं. २६ वर्षांनी ते नाव आम्ही तिच्या तोंडून ऐकलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.