पत्त्यातलं प्रश्नचिन्ह

माझे अब्बा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या डब्यात लाकडी खणांच्या मांडणीसमोर उभं राहून ते पत्रं लावत. पत्ता कसा वाचायचा हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. पत्र लिहिणारा वरून खाली लिहितो, आधी नाव, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा. सॉर्टर मात्र खालून वर वाचतो. त्याला नावाशी कर्तव्य नसतं, आधी पत्र कोणत्या दिशेच्या गाडीत जाणार ते ठरवायचं असतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला आणि हे काम सोपं झालं. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रातले अधिकारी, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि संस्कृतचे कवी. कवीने आकड्यांत रचना केली, याचा मला त्या जातीचा म्हणून थोडा अभिमान आहे! पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. चारशेने सुरुवात झाली की मुंबई, चारशे तीनने झाली की गोवा. अब्बांना हे झोपेतही येत असे.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या एका पत्त्याबद्दल. इंटरनेटवरचं कुठलंही पान उघडलं की वरच्या पट्टीत जी लांबलचक ओळ दिसते, तिच्याबद्दल. या ओळीकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते २००६च्या सुमारास, भाचीच्या परीक्षेचा निकाल पाहायला आम्ही नेट कॅफेत गेलो तेव्हा. बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं, गुण दिसले. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच कॅफेतला मुलगा म्हणाला, “काका, गंमत बघा.” त्याने वरच्या ओळीतल्या क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला. भाचीच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे गुण समोर आले. आईचं नाव कुणी विचारलंच नाही. ती मुलगी गणितात नापास होती. दोन दिवसांनी ती घरी आली आणि पास झाल्याचे पेढे देऊन गेली. भाचीने पेढा खाल्ला, मीही खाल्ला. आम्हाला जे कळायला नको होतं ते कळलं होतं आणि तिला त्याची खबर नव्हती. हे पत्त्यामुळे घडलं. कसं, ते समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. पुढे तीच भाची पुण्यात सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहू लागली, म्हणून समजलं.

या पत्त्याचा जन्म जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने मार्च १९८९मध्ये तिथे एक प्रस्ताव मांडला. हजारो शास्त्रज्ञ, नाना जातींचे संगणक, कुणाचा कागद कुठे आहे याचा पत्ता नाही. तेव्हा प्रत्येक कागदाला एक पत्ता द्यावा, अशी कल्पना. १९९१ साली त्याचं हे जाळं जगासमोर आलं. पत्त्याची घडण त्याने इकडून तिकडून उचलली. यंत्राची टिंबांनी जोडलेली नावं १९८३पासून होतीच. आतल्या कपाटांची वाट दाखवणाऱ्या तिरक्या रेघा जुन्या संगणकांत होत्या. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा मात्र आपण उगाचच घातल्या, अशी कबुली त्याने २००९ साली देऊन टाकली. तोवर जगाने त्या किती वेळा टंकल्या असतील, याचा हिशोब कोण करणार? अब्बांना आवडली असती अशी एक गोष्ट या पत्त्यात आहे. यंत्राचं नाव शोधताना संगणक उजवीकडून डावीकडे वाचतो, आधी देश किंवा वर्ग, मग संस्था. त्यापुढची वाट मात्र डावीकडून उजवीकडे. म्हणजे एकाच ओळीत सॉर्टरही आहे आणि पोस्टमनही.

इथवरचा पत्ता म्हणजे ठिकाण. पण ‘सर्न’मध्ये लोकांना शोधायचंही होतं, टेलिफोनच्या यादीत अमुक आडनाव आहे का, असं विचारायचं होतं. म्हणून ठिकाणानंतर एक प्रश्नचिन्ह आलं, आणि त्यापुढे शोधायचे शब्द. पत्त्यात मोकळी जागा चालत नसे, तेव्हा दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह घालायचं. पाकिटावर पत्त्याखालीच मजकूरही लिहावा, तसं हे झालं. प्रश्नचिन्हाच्या डावीकडे ‘कुठे’, उजवीकडे ‘काय’.

पुढची पायरी अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात पडली. ‘मोझेक’ हा चित्रं दाखवणारा ब्राउझर तिथलाच. १९९३ साली पानांवर भरायचे फॉर्म आले आणि प्रश्न उभा राहिला की भरलेला फॉर्म वाचायचा कुणी? सर्व्हरला फक्त कागद काढून देणं ठाऊक. रॉब मॅक्कूल हा तिथला तरुण सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहीत होता. त्याने आणि इतरांनी मिळून ‘कॉमन गेटवे इंटरफेस’, थोडक्यात सीजीआय, नावाचा संकेत ठरवला. सर्व्हरने स्वतः वाचायचं नाही. प्रश्नचिन्हापुढची सगळी ओळ जशीच्या तशी एका डब्यात ठेवायची आणि शेजारच्या छोट्या प्रोग्रॅमला हाक मारायची. तो डबा उघडेल, वाचेल आणि उत्तराचं पान तयार करून देईल. डब्यातली ओळ साधारण अशी: ‘लेखक=शेख&पान=२’. म्हणजे खणाचं नाव, बरोबरचं चिन्ह, खणातला माल. मग ‘अँड’चं चिन्ह, आणि पुढचा खण.

मला वाटलं, यात काय कठीण? ‘अँड’पाशी तोडा, बरोबरपाशी तोडा, झालं. भाची हसली. म्हणाली, “मामू, दुकानाचं नाव ‘पाटील & सन्स’ असलं तर?” खरंच की. दुकानाचे दोन तुकडे होतील, आणि ‘सन्स’ नावाचा एक रिकामा खण उगवेल. म्हणून नियम असा की मजकुरातली अशी चिन्हं सोंग घेऊन पाठवायची. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरी संकेत. ‘अँड’चं सोंग टक्का दोन सहा. अधिकच्या चिन्हाचं टक्का दोन बी. कारण साधं अधिक म्हणजे मोकळी जागा हे आधीच ठरून बसलंय. कुणी रक्तगट ‘ओ+’ असा सोंग न घेता पाठवला, तर पलीकडे नुसता ‘ओ’ पोचतो आणि शेजारी एक मोकळी जागा. वाचणाऱ्याने आधी तोडायचं, मग सोंग उतरवायचं. क्रम उलटा झाला की घोटाळा. डिसेंबर १९९४मध्ये या साऱ्याचे नियम छापील स्वरूपात आले, जानेवारी २००५मध्ये ते पुन्हा नीट बांधले गेले.

पण लिहिणारे नेहमी नियमाने लिहित नाहीत. काही तर मुद्दाम वाकडं लिहितात. एनसीएसएच्या आणि अपाची या सर्व्हरसोबत नमुना म्हणून एक छोटा प्रोग्रॅम मिळत असे, पीएचएफ नावाचा. काम तेच, टेलिफोनच्या यादीतलं नाव शोधणं. आलेलं नाव तो यंत्राला देण्याच्या हुकुमात चिकटवायचा. नावात कुणी धोक्याचं चिन्ह घुसवू नये म्हणून त्याच्याजवळ वाईट चिन्हांची यादी होती. सापडलं की तो ते निकामी करी. त्या यादीत एक चिन्ह राहून गेलं. नवी ओळ! टक्का शून्य ए. नावापुढे एवढं लिहिलं की तिथे ओळ तुटे, आणि खालच्या ओळीत जे असेल ते यंत्र नवा हुकूम म्हणून पाळी. दूर कुठेतरी बसलेला अनोळखी माणूस पत्त्याच्या पट्टीतून त्या यंत्राच्या वापरकर्त्यांची यादी मागून घेऊ शके. मार्च १९९६मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला. ओळ कुठे तोडायची यावर मी उभं आयुष्य घालवलंय. तिची एवढी किंमत मला एकाही संपादकाने दिली नाही.

२०००च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये याच घराण्यातला दोष निघाला. पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ म्हणजे ‘एक पायरी वर’. तसं करून कुणी भलत्या कपाटात शिरू नये यासाठी पहारा होता. पण पहारेकरी आधी तपासायचा आणि सोंग नंतर उतरायचं. तिरकी रेघ वेष पालटून आली आणि आत गेली. पुढच्या वर्षी जुलैत ‘कोड रेड’ आला. त्याची विनंती म्हणजे एक पत्ता, प्रश्नचिन्ह, आणि पुढे ‘एन’ हे एकच अक्षर दोनशेहून अधिक वेळा, मग खरा डंख. डबा लहान, मजकूर मोठा, बाहेर सांडलेलं यंत्राने हुकूम समजून पाळलं. १९ जुलै २००१ रोजी चौदा तासांच्या आत ३,५९,०००हून अधिक संगणकांना त्याची लागण झाली.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती पीएचपीची गोष्ट. रास्मुस लेर्डॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला तरुण. आपला बायोडेटा कोण पाहून जातं हे कळावं म्हणून त्याने काही साधनं लिहिली आणि जून १९९५मध्ये ती सगळ्यांना मोकळी केली. लोकांना ती आवडली, कारण तोडाफोडीची कटकट नव्हती. पत्त्यात ‘पान=२’ आलं की प्रोग्रॅममध्ये ‘पान’ नावाचा खण आपोआप तयार, आत दोन. वाचायचे कष्टच नाहीत! पण मग कुणी पत्त्यात ‘परवानगी=होय’ असं लिहिलं तर? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या नावाचा खण वापरला असेल आणि तो आधी रिकामा करायला विसरला असेल, तर पाहुण्याने लिहिलेलं ‘होय’ हे घरमालकाचंच ठरे. परीक्षार्थ्याने उत्तरपत्रिकेवर लिहिलेले गुण थेट गुणपत्रिकेत उतरावेत, तसं. एप्रिल २००२मध्ये ही सोय मुळातून बंद ठेवायचं ठरलं. ज्याला हवी त्याने आपल्या जबाबदारीवर चालू करावी. जुनी पानं चालेनाशी झाली, तेव्हा अनेकांनी ती पुन्हा चालू केली. मार्च २०१२मध्ये ती पीएचपीतून कायमची काढून टाकण्यात आली. फुकटच्या सोयीचा मोह सुटायला दहा वर्षं लागली.

या पत्त्यात मराठीचं काय? मूळ नियमांत फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. आपल्या अक्षरांनाही मग सोंगच घ्यावं लागतं. १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी अमेरिकेतल्या एका खाणावळीत टेबलावर अंथरलेल्या कागदावर यूटीएफ-८ हा संकेत मांडला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन घरं लागतात. एकटा ‘म’ पत्त्यात असा जातो: टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई. नऊ खुणा. काना-वेलांटीलाही स्वतंत्र नऊ. ‘मराठी’ हा शब्द पत्त्यात पंचेचाळीस खुणांचा होतो. मराठी विकिपीडिया २००३पासून आहे. त्यातल्या एखाद्या लेखाचा दुवा मित्राला पाठवून पाहा. मी एकदा माझ्या कवितेचा दुवा एका ज्येष्ठ कवींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “यावेळी फार दुर्बोध लिहिलंय.” २०१४पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, ब्राउझरही वरच्या पट्टीत सोंग उतरवून दाखवतात. आतल्या तारेतून मात्र टक्केच धावतात.

आता पुन्हा त्या निकालाकडे. तिथे पत्ता वाचण्यात काहीच चुकलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. क्रमांक नीट तोडला, नीट वाचला, योग्य गुण काढून दिले. आईचं नाव पहिल्या दारावर विचारलं होतं. आतलं दार नुसत्या क्रमांकावर उघडत होतं, आणि क्रमांक पत्त्यात उघडा पडला होता. असं मोठमोठ्यांचं झालंय. २०१० साली अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या एका पानाला आयपॅडच्या सिमकार्डाचा क्रमांक पत्त्यातून दिला की मालकाचा ईमेल मिळे; क्रमांक बदलत बदलत काही तरुणांनी सुमारे १,१४,००० पत्ते गोळा केले. ‘हे काय मागितलंय’ याचं उत्तर पत्ता देतो. ‘मागणारा कोण’ हे दर वेळी, दर दारावर, वेगळं विचारावं लागतं.

भाचीला नोकरीत पहिलं काम मिळालं ते याच तपासणीचं. एका शिक्षणसंस्थेच्या नव्या पानासाठी तिने प्रोग्रॅम लिहिला आणि तो पारखताना स्वतः आत शिरून दुसऱ्याचा क्रमांक पत्त्यात टाकून पाहिला. तो मुद्दाम जुनाच होता, त्या मैत्रिणीच्या बैठक क्रमांकाचा. तिला तो पाठ होता. पान उघडलं नाही. सर्व्हर अशा वेळी ‘परवानगी नाही’ हे एका आकड्यात सांगतो. पडद्यावर आला होता ४०३.

मी म्हटलं, अब्बांनी हे पत्र गोव्याच्या खणात टाकलं असतं.