नसलेल्या ‘द’चा इतिहास

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला अवघड स्पेलिंगांपेक्षाही जास्त छळतात ते तीन चिमुकले शब्द : ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. शाळेत आपण त्यांना उपपदे म्हणतो. तर्खडकरांची पाठमाला घोकणाऱ्या पिढ्यांपासून आजच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांपर्यंत सगळ्यांनी नियम पाठ केले. वस्तूचा पहिला उल्लेख असेल तर ‘अ’, ओळखीच्या वस्तूला ‘द’, नदीच्या नावाआधी ‘द’, गावाच्या नावाआधी काही नाही. नियम संपले की अपवाद सुरू होतात आणि मग आपण कानाला बरे वाटेल ते लिहून मोकळे होतो. एवढ्याशा शब्दाने काय बिघडणार आहे, असे आपल्याला मनातून वाटत असते.

काय बिघडू शकते, याचा एक इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

त्याआधी थोडे आपल्या भाषेविषयी. मराठीला उपपद नाही म्हणून आपले काही अडत नाही. ‘आटपाट नगर होते. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ यातला ‘एक’ म्हणजे इंग्रजीतला ‘अ’ आणि ‘त्या’ म्हणजे ‘द’. इंग्रजीतही हे शब्द असेच जन्मले. ‘ॲन’ हा मुळात ‘एक’ या अर्थाचा जुना शब्द आणि ‘द’ हा ‘तो, ती, ते’ दाखवणारा दर्शक. फरक इतकाच की मराठीत हे शब्द गरजेपुरते येतात, तर इंग्रजीत त्यांची जागा ठरून गेलेली आहे. त्यामुळे मराठीत ‘तो’ गाळला तर कुणी त्याचा अर्थ लावत बसत नाही. इंग्रजीत मात्र ‘द’ची जागा रिकामी दिसली की त्या रिकामेपणालाही अर्थ चिकटतो.

मुसलमान घरातल्या मुलाची ‘द’शी गाठ बहुधा इंग्रजीच्या तासाआधीच पडलेली असते. कुराण वाचायला शिकताना ‘अल’ पदोपदी भेटतो. ‘किताब’ म्हणजे पुस्तक, ‘अल-किताब’ म्हणजे ते विशिष्ट पुस्तक. अरबीची बहीण हिब्रू. तिच्यातही नामाला ‘हा’ जोडून हेच काम होते. अनिश्चिततेसाठी ‘अ’सारखा वेगळा शब्द मात्र दोघींकडेही नाही. या दोन बहिणी ज्या भूमीत बोलल्या जातात, त्याच भूमीची ही गोष्ट आहे.

जून १९६७ मध्ये अवघे सहा दिवस एक युद्ध झाले. त्यात इस्रायलने इजिप्तकडून सिनाई आणि गाझापट्टी, जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा आणि सीरियाकडून गोलन टेकड्या घेतल्या. पुढचे काही महिने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत खल चालू राहिला : फौजा मागे घ्यायच्या तर किती, कधी आणि कशाच्या बदल्यात?

त्या वर्षी भारत सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भारत, माली आणि नायजेरिया या तीन देशांनी एक मसुदा मांडला. त्यात इस्रायलने युद्धात व्यापलेल्या ‘सर्व’ प्रदेशांतून माघार घ्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. इंग्रजीत ‘ऑल’ही होता आणि ‘द’ही. अमेरिकेला हे मान्य नव्हते. अखेर ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांनी आपला मसुदा पुढे केला आणि २२ नोव्हेंबर १९६७ रोजी तो पंधराही सदस्यांनी एकमताने संमत केला. हाच ठराव क्रमांक २४२.

त्यातले कळीचे शब्द असे : ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट’. संघर्षाच्या आधी ‘द’ आहे, प्रदेशांच्या आधी नाही. युद्ध कोणते ते निश्चित. जमीन किती, ते नाही.

हा हात चुकून झालेला प्रकार नव्हता. कॅराडन आणि अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग या दोघांनीही पुढे सांगितले की ‘द’ आणि ‘ऑल’ मुद्दाम गाळले होते. सोव्हिएत रशियाने ते घालावेत म्हणून प्रयत्न केला होता, पण तो फळला नाही. मतदानाआधी भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी आपला अर्थ नोंदवून ठेवला : हा ठराव म्हणजे सर्व प्रदेशांतून संपूर्ण माघार, असे आम्ही समजतो. ‘सर्व’ हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारून त्यावर जोर दिला. त्यावर कॅराडन यांचे म्हणणे असे की प्रत्येकाला आपापले मत असू शकते, पण बंधन फक्त ठरावाच्या शब्दांचे आहे.

पण ठरावाचे शब्द एकाच भाषेत कुठे होते? परिषदेच्या कामकाजाच्या भाषा तेव्हा दोन होत्या, इंग्रजी आणि फ्रेंच. फ्रेंच मजकुरात ‘दे तेरितुआर ऑक्युपे’ असे आले. हा ‘दे’ म्हणजे ‘पासून’ आणि बहुवचनी ‘द’ यांचा संधी. त्यामुळे फ्रेंच वाचणाऱ्याला अर्थ लागला : ‘त्या’ व्यापलेल्या प्रदेशांतून. आमच्या मजकुरात संदिग्धता नाही, असे फ्रान्सच्या प्रतिनिधींनी त्याच बैठकीत सांगून टाकले. रशियन आणि चिनी भाषांना उपपदच नाही, त्यामुळे त्यांची साक्ष काढून उपयोग नव्हता. आणि अरबी? ती त्या वेळी राष्ट्रसंघाची अधिकृत भाषाच नव्हती. महासभेत तिला ते स्थान १९७३ मध्ये मिळाले. ज्यांच्या घरादाराचा, शेतीवाडीचा हा ठराव, त्यांच्या ‘अल’ला त्यात जागाच नव्हती.

पुढचा वाद मग वकिलांचा झाला. इस्रायलची बाजू म्हणते : वाटाघाटी इंग्रजीत झाल्या, ‘द’ जाणूनबुजून गाळला, तेव्हा सगळी जमीन सोडण्याचे बंधन नाही. शिवाय ठरावात ‘सुरक्षित आणि मान्यताप्राप्त सीमां’चा हक्क आहे आणि १९४९ च्या रेषा या नुसत्या युद्धबंदीच्या रेषा होत्या. सिनाईची माघार १९८२ मध्ये पुरी झाली आणि क्षेत्रफळाने पाहिले तर तोच व्यापलेल्या भूमीचा बहुतेक भाग होता.

अरबांची बाजू म्हणते : त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत युद्धाने भूमी मिळवणे अग्राह्य आहे, असे लिहिले आहे. मग थोडी भूमी ठेवणे ग्राह्य कसे? आणि ‘द’ नसला म्हणजे ‘काही’ असाच अर्थ होतो हेही खरे नाही. दारावर इंग्रजीत ‘शूज मस्ट बी लेफ्ट आउटसाइड’ अशी पाटी असेल, तर काही जोडे बाहेर ठेवून काही पायात घालून कुणी आत जात नाही.

आता हेच वाक्य मराठीत आणून पाहा : ‘गेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली फौजांची माघार.’ आपण ‘त्या’ लिहिलेले नाही, ‘सर्व’ही लिहिलेले नाही. तरी साधा वाचक काय समजेल? व्यापले तेवढे सोडायचे. ‘थोडे’ म्हणायचे असते तर ‘काही’ हा शब्द घालावा लागला असता. म्हणजे मराठीतला गाळलेला शब्द एका बाजूला झुकतो आणि इंग्रजीतला दुसऱ्या बाजूला. भाषांतर करणाऱ्याने एकही शब्द वाढवला नाही की वगळला नाही, तरी भूमीचे माप बदलले!

सगळा दोष व्याकरणावर टाकण्यात अर्थ नाही. फौजा उपपदामुळे हलत नाहीत आणि उपपदामुळे थांबतही नाहीत. ‘द’ लिहिला असता तर पश्चिम किनारा दुसऱ्या दिवशी मोकळा झाला असता, असे इतिहास जाणणारा कुणी म्हणणार नाही. उलट तो लिहिला असता तर एकमत झाले नसते, आणि १९७९ च्या इजिप्त-इस्रायल तहाला आणि १९९३ च्या ओस्लो कराराला पायाभूत ठरलेला हा ठराव बहुधा जन्मलाच नसता. संदिग्धता ही त्या एकमताची किंमत होती. प्रश्न एवढाच की ती किंमत कुणी मोजली? खोलीत बसून ज्यांनी शब्द निवडले त्यांनी नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लादर्शक मतात हा कब्जा बेकायदा असून तो लवकरात लवकर संपवला पाहिजे असे म्हटले. तोवर ठरावाला सत्तावन्न वर्षे होत आली होती.

मी कविता लिहितो. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर आम्हाला आनंद होतो, कारण वाचकाला दोन्ही अर्थ ठेवून घेता येतात. जमिनीच्या कागदात तसे होत नाही. तिथे एक अर्थ कुणाच्या तरी घरात राहायला जातो आणि दुसरा अर्थ तंबूत. आपल्याकडे सातबारा वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ठराव २४२ मध्ये आणखी एक कलम आहे. निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य तोडगा काढावा, असे ते म्हणते. या निर्वासितांचे नाव मात्र संपूर्ण ठरावात कुठे नाही, पॅलेस्टाइन हा शब्दच त्यात नाही. आणि तिथली उपपदे पाहण्यासारखी आहेत : ‘अ जस्ट सेटलमेंट ऑफ द रेफ्युजी प्रॉब्लेम’. प्रश्नाला ‘द’ आहे, तोडग्याला ‘अ’. व्याकरणाच्या दृष्टीने हे अगदी बिनचूक आहे. प्रश्न सगळ्यांना माहीत होता. तोडगा अजून कुणी पाहिलेला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)