पिल्लू नावाचा डिफॉल्ट केस

परवा विकांताला मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलो होतो. लिलावाच्या गोंगाटात एका टोपलीकडे बोट दाखवून कोणीतरी वैतागून म्हणालं, "ही तर पिल्लंच आहेत!" टोपलीत बोटाएवढे मासे. मासे घ्यायचे राहिले बाजूला, माझ्या डोक्यात तो शब्दच घोळायला लागला. (आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांच्या मोबाईलमध्ये एक नंबर 'पिल्लू' नावाने सेव्ह आहे, तो विषय वेगळा.)

मराठीत गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस आणि सिंहाचा छावा. म्हणजे गोठ्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. उरलेले सगळे, म्हणजे कुत्री, मांजरं, पक्षी, मासे, पिल्लू या खात्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर स्विच स्टेटमेंटमधला डिफॉल्ट केस.

यातले बरेच शब्द संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आलेत. छावा हा 'शाव' पासून. शावक त्याचाच भाऊबंद. वासरू म्हणजे 'वत्सरूप'. यातला वत्स मोठा मजेशीर आहे. तो 'वत्सर' म्हणजे वर्ष या शब्दाचा नातेवाईक, त्यामुळे मुळात अर्थ 'वर्षाचं झालेलं' असा असावा. लॅटिनमध्ये वासराला 'वितुलुस' म्हणतात, तोही याच कुळातला. फारसीतून आपल्याकडे आलेला 'बच्चा' सुद्धा याच घरातला मानतात. आणि गाईच्या वासरावरच्या मायेवरून झालं वात्सल्य! संवत्सर, वासरू आणि वात्सल्य एकाच गोठ्यात बांधलेले आहेत हे शाळेत कोणी का सांगितलं नाही?

पण पिल्लू या घरातलं वाटत नाही. त्याचं नातं दक्षिणेकडे, तमिळ 'पिळ्ळै'शी जोडलं जातं. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (1961) हे कुटुंब दिलेलं आहे. तमिळमध्ये पिळ्ळै म्हणजे मूल. आडनाव 'पिल्लई' तेच. नारळाच्या रोपालाही तिकडे 'तेन्नंपिळ्ळै' म्हणतात, आणि कोकणातल्या माणसाला हे लगेच पटावं.

खरी गंमत पुढे आहे. 'तोल्काप्पियम' हे तमिळचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं व्याकरण. त्यातल्या 'मरबियल' प्रकरणाची सुरुवातच प्राण्यांच्या पोरांना काय म्हणायचं यापासून होते. नऊ शब्दांची यादी आहे आणि मग कोणता शब्द कोणाला लागू ते नियम. पक्ष्यांच्या पोरांसाठी दोन शब्द दिलेत, त्यातला एक पिळ्ळै! म्हणजे हा तेव्हा डिफॉल्ट नव्हता, चक्क स्वतंत्र केस होता. नंतर तिकडे तो माणसाच्या मुलापर्यंत गेला, इकडे आपल्याकडे मांजरापर्यंत पसरला.

असो. जेटीवरच्या टोपलीकडे येतो, कारण तिथे हा शब्द नुसता गोड राहत नाही. 2023 साली महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. कारण साधं आहे: मासा एकदाही अंडी न घालता टोपलीत आला तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? अर्थात बारीक आसाच्या जाळ्यात पापलेट आणि बांगड्याचं पोर वेगळं निवडता येत नाही, आणि रिकाम्या होडीचं डिझेल कोणी भरून देत नाही. म्हणून नुसता मच्छीमाराला दोष देणं मला पटत नाही. लहान पापलेट स्वस्त म्हणून पिशवीभर नेणारे आपणच असतो.

वत्स वय सांगतो. कायदा मात्र मिलिमीटर मोजतो, कारण माशाचा जन्मदाखला कोणाकडे नसतो. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीत शब्द आहेतच: मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली. जिऱ्याएवढं ते जिरे, बोटाएवढी ती बोटुकली. तिथे आकार शब्दातच आहे. जेटीवरच्या टोपलीतली ती सगळी सरसकट पिल्लं, आणि मी असेपर्यंत ती विकलीही गेली होती.