पैशाचे सोंग : नेपल्सच्या एका विनोदी गाण्याचे दोन जन्म

१/ जुलै २०१० मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या क्रमवारीत 'वी नो स्पीक अमेरिकानो' हे नृत्यगीत पहिल्या स्थानी पोहोचले. ते योलांडा बी कूल आणि डीकप या ऑस्ट्रेलियन कलावंतांचे होते. त्यातला आवाज मात्र २००१ मध्येच निवर्तलेल्या रेनातो कारोसोने यांचा होता.

२/ मूळ गाणे 'तू वुओ फा लामेरिकानो' हे १९५६ चे. शब्द 'निसा' ऊर्फ निकोला सालेर्नो यांचे, संगीत कारोसोने यांचे, भाषा मुख्यतः नेपल्सची बोली. अमेरिकन असल्याचा आव आणणारा एक स्थानिक तरुण हा त्याचा विषय.

३/ हा आव आला कोठून? सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस नेपल्सचे नागरिक चार दिवस जर्मन सैन्याशी लढले. १ ऑक्टोबरला दोस्तांचे सैन्य शहरात शिरले. भुकेने गांजलेल्या शहराला अमेरिका भेटली ती सैनिकांच्या रूपाने. पुढे १९५० च्या दशकात नाटोचे दक्षिण युरोपीय मुख्यालयही येथेच स्थिरावले.

४/ गाण्यातला तरुण व्हिस्की-सोडा पितो, रॉक अँड रोलवर नाचतो, बेसबॉल खेळतो. पण कॅमल सिगारेटींचे पैसे? ते आईच्या पर्समधून येतात! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण या ओळीवर चपखल बसते.

५/ गंमत अशी, की अमेरिकेच्या नकलेची ही थट्टा अमेरिकन स्विंगच्याच ठेक्यावर उभी आहे. थट्टा करणाराही परक्या लयीवर लुब्ध होता. फरक एवढाच, की त्याने ती आपल्या बोलीत मुरवली.

६/ पुढे चित्रपटांनी हे गाणे जगभर नेले. 'इट स्टार्टेड इन नेपल्स' (१९६०) मध्ये ते सोफिया लॉरेन यांनी गायले. 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९९९) मध्ये ते नेपल्सच्या जाझ क्लबात ऐकू येते. तेथे तर एक निर्धन अमेरिकनच श्रीमंत अमेरिकनाचे सोंग घेऊ पाहतो.

७/ २०१० च्या आवृत्तीने कारोसोने यांच्या गायनाचे निवडक तुकडे नव्या, वेगवान ठेक्यावर बसवले. अर्धवट अमेरिकन बोलणाऱ्याला त्याच्यावर प्रेम करणारी व्यक्ती कशी समजून घेणार, हा प्रश्न टिकला. व्हिस्की-सोडाही टिकला. आईची पर्स तेवढी गळाली.

८/ युद्धाने पोळलेल्या शहराचा सारा इतिहास त्या पर्समध्ये होता. नव्या गाण्यावर जग मनसोक्त नाचले. सोंग सर्वांना ऐकू आले. त्याचा खर्च कोण सोसत होते, ते मात्र ऐकू येईनासे झाले.