पब्लिक हाऊसची मागची खोली

विलायतेतील 'पब' हा शब्द आपल्याकडे उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. पगाराच्या दिवशी नवरा वाटेत कोठे वळतो की काय या धास्तीने ज्या बायकांनी दिवस काढले, त्यांच्या मुलाबाळांना तसे वाटले तर त्यात नवल नाही. दारूची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कामगार-संघटनांचा इतिहास वाचू लागले म्हणजे दर थोड्या पानांआड कोठल्या ना कोठल्या पबचे नाव येते, आणि ते गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होत नाही.

'पब' म्हणजे 'पब्लिक हाऊस', सर्वांना खुले असलेले घर. यातला 'घर' हा शब्द महत्त्वाचा आहे. मालक बहुधा आपल्या कुटुंबासह तेथेच राहावयाचा. दारावर चित्राची पाटी असे. राजा दुसरा रिचर्ड याच्या अमदानीत, 1393 साली, बिअर विकणाऱ्याने आपल्या दारावर खूण लावलीच पाहिजे असा दंडक झाला. माल तपासणाऱ्या सरकारी माणसाला घर ओळखता यावे हा त्यातला हेतू. अक्षरशत्रू गिऱ्हाइकाचीही त्यामुळे सोय झाली. वाचता न येणारा सुताराचा पोऱ्यासुद्धा 'पांढरा हरिण' किंवा 'तांबडा सिंह' बरोबर हुडकून काढी. आत शेकोटी असे, उजेड असे, टेकायला बाक असे, पाव-चीज मिळे, आणि पुढेपुढे एखादे वर्तमानपत्रही असे. ते एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे. एका खोलीत सहा-सात माणसांनी राहणाऱ्या कारागिराला हे सारे आपल्या बिऱ्हाडी कोठून मिळणार?

म्हणून धंद्याधंद्याचे पब ठरून गेले. शिंप्यांचा एक, टोपीवाल्यांचा दुसरा. बेकार कारागिराने तेथे जाऊन आपले नाव नोंदवावे, आणि मालकाला माणूस हवा असेल तर त्यानेही तेथेच निरोप धाडावा. आपल्याकडे गवंडी आणि रंगारी सकाळी नाक्यावर उभे राहतात, तसाच हा नाका. फरक इतकाच, की त्याला छप्पर होते. आणि छपराखाली माणसे बसली की बोलू लागतात. 1721 साली लंडनच्या धंदेवाईक शिंपी-मालकांनी पार्लमेंटकडे गाऱ्हाणे केले, की 7,000 हून अधिक शिंपी-कारागिरांनी एकी करून मजुरी वाढवून मागितली आहे आणि ते तासभर आधी काम सोडून जातात! पार्लमेंटने लागलीच कायदा करून त्यांची एकी बेकायदा ठरवली. ही एकी बांधली गेली होती ती याच नाक्याच्या पबांतून.

याहून मोठी गोष्ट 1792 च्या जानेवारीत घडली. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यालगत एक्झेटर स्ट्रीटवर 'बेल' नावाचा पब होता. तेथे थॉमस हार्डी नावाचा एक चांभार आपल्या आठ-नऊ स्नेह्यांसह जमला. नेहमीप्रमाणे पाव, चीज आणि पोर्टर नावाची काळी बिअर असे जेवण झाले, चिलमी पेटल्या, महागाईच्या गोष्टी निघाल्या, आणि मग हार्डीने मुख्य विषय काढला. ज्यांच्याजवळ जमीनजुमला नाही त्यांना पार्लमेंटसाठी मत का असू नये? लंडन करस्पाँडिंग सोसायटीचा जन्म असा झाला. वर्गणी आठवड्याला एक पेनी, आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नाही, हा तिचा पहिला नियम. आज तो नियम आपल्याला काहीच वाटत नाही. त्या काळी राजकारण हा मूठभर जमीनदारांचा वाडा होता. त्याच्या दाराची कडी एका चांभाराने वाजवली, ती रात्रीच्या जेवणानंतर.

सरकारने ओळखले, की या लोकांचे बळ खोलीत आहे. न्यायाधीशांचे निरोप पबवाल्यांना जाऊ लागले, की या मंडळींना जागा द्याल तर परवाना जाईल. बिचारा पबवाला पोटार्थी. त्याने खोली नाकारली म्हणजे सभा दुसऱ्या गल्लीत. 1794 साली हार्डीवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, परंतु 1799 मध्ये संस्थेचे नाव घेऊनच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी आणि पुन्हा 1800 मध्ये कामगारांच्या संघटनांविरुद्धही कायदे झाले. ते 1824 पर्यंत राहिले. त्या पंचवीस वर्षांत पबच्या मागच्या खोलीत आजारी-मदतीची मंडळे भरत. तिजोरीच्या पेटीला तीन कुलपे, तीन किल्ल्या तिघांपाशी, आणि पेटी मालकाच्या ताब्यात. कागदोपत्री हा औषधपाण्याचा आणि मूठमातीचा निधी असे. संपाचे बोलणे व्हायचे तर तेही याच टेबलावर.

येथवर ऐकून कोणाला पब म्हणजे कामगारांचे माहेर वाटेल. तसे नव्हते. आदरातिथ्याचे बिल असतेच. मालक खोलीचे भाडे रोख घेत नसे, सभेला दर माणशी इतकी बिअर घेतलीच पाहिजे असा ठराव असे. त्याला 'ओले भाडे' म्हणत. औषधपाण्यासाठी जमवलेल्या पैशातला वाटा असा गळ्याखाली उतरे. याहून वाईट प्रकार टेम्स नदीवर. जहाजांच्या पोटातून कोळसा ओढून काढणाऱ्या मजुरांच्या टोळ्या पबवालेच भरत. जो अधिक पिईल त्याला आधी काम, आणि मजुरी मिळायची तीही पबातच, उधारी कापून. मुकादम, सावकार आणि गुत्तेवाला हे तिघे एकाच देहात! अखेर 1843 साली कायदा होऊन या मजुरांसाठी वेगळी नोंदणी-कचेरी निघाली. खाणींच्या बाबतीत पबात पगार वाटण्याची मनाई 1842 मध्ये झाली होती. बाकीच्या बहुतेक मजुरांसाठी ती व्हायला 1883 साल उजाडावे लागले. शिवाय या खोलीत स्त्रीला जागा नव्हती. 1888 साली आगपेटीच्या कारखान्यातील मुलींनी संप केला, तेव्हा त्यांची सभा माइल एंडच्या उघड्या मैदानात भरली.

आणि तरीसुद्धा, 1889 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी-कामगारांनी तासाला सहा पेन्यांसाठी संप पुकारला, तेव्हा संप-समिती बसली ती पॉपलर भागातल्या 'वेड्स आर्म्स' या पबात. गंमत अशी, की पुढाऱ्यांतला जॉन बर्न्स दारूला स्पर्शही न करणारा. कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर तेथे बसून पत्रव्यवहार पाहत असे. एक शिलिंगाच्या मदतीच्या चिठ्ठ्या वाटायच्या होत्या, आणि भुकेल्या माणसांचा लोंढा दारावर आला. टॉम मॅनने चौकटीला पाठ लावली, समोरच्या खांबाला पाय टेकवला, आणि गोड बोलत एकेकाला पायाखालून आत सोडले. ज्यांनी कधी संपाचे वाटप केले आहे त्यांनाच या पायाची किंमत कळेल. ऑस्ट्रेलियातून 30,000 पौंड आले, आणि पाच आठवड्यांनी सहा पेन्यांचा दर पदरात पडला.

पुढे युनियनांनी आपापल्या कचेऱ्या आणि सभागृहे बांधली. अध्यक्षाची खुर्ची, वर्गणीची पावती, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हे सारे आपल्याकडे इंग्रजी रिवाजातून आले. तो रिवाज तिकडच्या कामगारांच्या अंगवळणी पडला तो बऱ्याच अंशी त्या मागच्या खोल्यांत. आपल्या गिरणगावात ही जागा गुत्त्याने घेतली नाही, याचे मला समाधान आहे. येथे सभा चाळीच्या पटांगणात झाल्या, आणि संपात उधारीवर जेवू घातले ते खानावळवाल्या बायांनी.

1946 साली जॉर्ज ऑर्वेल याने लंडनच्या एका सायंदैनिकात आपल्या मनाजोगत्या पबचे वर्णन लिहिले. नाव 'मून अंडर वॉटर'. तेथे कर्णकर्कश रेडिओ नाही, वाढणाऱ्या प्रौढ बाया बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात आणि लहानथोर न पाहता आपुलकीने हाक मारतात. खाली चीज, लोणची, शिंपल्यांतले खाद्य आणि शहाजिरे घातलेली मोठी बिस्किटे मिळतात, मागे मुलांना खेळायला बाग आहे. असा पब कोठेच नाही, हे त्याने शेवटी स्वतःच सांगून टाकले. वरच्या मजल्यावर त्याने तीनएक शिलिंगांत पोटभर जेवणाची खोली कल्पिली आहे. सभेची खोली कल्पिलेली नाही.